समान पायांच्या हौसेची हकीकत

श्रीधन्वंतरी साह्य असो आणि लेखणीस खोटी स्तुती न येवो. शके एकोणीसशें पंचेचाळीस, शोभननाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी, एका इस्पितळात अस्थिवैद्यांचे एक राज्य होते, तेथे राजेश्री विश्वासराव डिंगणकर सत्ता चालवीत होते, आणि खुब्याचा सांधा पालटण्यात ऐसा हात दुसरा नाही ऐसी वदंता होती, ती बहुतकरून त्यांणीच उठविली. त्यांजकडे यमुनाबाई तिखे, पायाच्या मशीनवर शिवण करून पोट भरणार, खुबा झिजला म्हणोन आल्या, आणि बोलिल्या की, दुखणे तेवढे काढावे, एक पाय लहानपणापासून लांडा आहे, त्याची माझी ओळख आहे. परंतु त्या दिवशी परगांवचे वैद्य पाहावयास आले होते, सबब रावांचे मनी आले की दोन्ही पाय समान करून दाखवावे. मग खुबा उघडिला, आणि सांध्याचे पुढील वेशीस रक्ताची थोर वाहिनी, तीस हत्याराचे टोंक लागो दिले नाही, पाहुण्यांनी माना डोलाविल्या. आणि मागील वेशीने पायास हुकूम नेणारी थोर नस, तिजवर मदतनीस वैद्य पद्मजाबाई यांणी बोट ठेविले होते. पाय ओढून सांधा बसविताच पद्मजाबाई हळूच बोलिल्या, "सर, नस तारेसारखी ताठ लागते. आखूड मानेचा गोळा घालू या, पाय थोडा लांडा राहील." राव हांसोन बोलिले, "तंबोरा लावणे तर घरी लावा." आणि त्या राज्याची चाल ऐसी की राव हांसले म्हणजे सर्वांनी हांसावे, ते हांसले, पद्मजाबाईही हांसल्या, हे लिहिताना लाज वाटते. मग फीत लाविली, पाय समान भरले, वाहवा जाहली.

भूल उतरली तो पाऊल ऊन होते, नाडीही चांगली, परंतु पाऊल वर उचलेना. राव फीत हाती धरून समानता सांगू लागले, तेव्हां यमुनाबाई पुसत्या जाहल्या, "सारखे पाय मागितले कोणी होते, डॉक्टर? आता मशीन कशाने चालवू?" पाहुणे खिडकीबाहेर पाहू लागले. रावांची मान खाली गेली आणि पद्मजाबाईंस म्हणाले, "बोट तुम्ही ठेवा. पुरे म्हणाल तेथे थांबतो." मग त्याच दिवशी खुबा पुन्हा उघडोन आखूड गोळा घातला, नस सैल पडली, पाय पूर्ववत लांडा जाहला, आणि होळीचे सुमारास पायाचा अंगठा हालला.

तात्पर्य, पुढील वेस राखिली, मागील जाता जाता राहिली. यमुनाबाई हल्ली मशीनची पट्टी हळूहळू दाबतात. परंतु घेतलेली वाहवा पाहुण्यांस परत करिता येत नाही, सबब राव आपल्याच राज्यात अद्याप खाली पाहोन चालतात.