वत्सलाबाई धसईकरीण यांची मॉलावरील स्वारी

खरं सांगायचं तर हे लिहायचंच नव्हतं. लिहिणाऱ्यास धसईतच राहणे आहे आणि वत्सलाबाईंच्या हातची भाकरी खाणे आहे. परंतु एवढी मोहीम झाली आणि कागदावर आली नाही, तर पुढील पिढ्या मॉलास अजिंक्य समजतील, म्हणून लिहितो.

तर मौजे धसई, प्रांत मुरबाड, येथील वत्सलाबाई म्हणजे बाजारच्या खाशा सेनानी. त्यांचे युद्धशास्त्र एकच. भाव ऐकावा आणि निम्मा सांगावा, आणि माल टाकून पाठ फिरवावी, मग सातव्या पावलाच्या आत दुकानदाराने हाक मारून शरण यावे, हा मुरबाडच्या बाजाराचा दस्तुर. तीस वर्षांत आठवे पाऊल पडले नव्हते.

ऐशात लेक निशिगंधा हिचे लग्न चार दिवसांवर आले आणि आसनगावच्या विहीणबाईंचा खलिता फोनवर दाखल झाला की, मानाची साडी मॉलातली पाहिजे, मॉलाच्या पिशवीसकट, नाहीतर आम्ही मांडवात पाऊल ठेवणार नाही. विहीणबाई थोर. स्वतःचे लग्न बाजारातल्या साडीवर झाले, याचे त्यांस विस्मरण झाले असावे. मग बाईंनी ठेवणीतले हिरवे लुगडे नेसून जिवलग मैत्रीण सकुबाई यांस संगती घेतले आणि एसटीने मजल दरमजल करीत कल्याणास येऊन मॉल गाठला. दारावरील पहारेकऱ्यांनी थैलीची झडती घेतली, आत भाकरी आणि सुकट निघाली, मग पहाऱ्याने श्वास रोखून वाट दिली.

आत थंडी ऐसी की वैशाखात दात वाजावे आणि भाव ऐसे की पुन्हा घाम फुटावा. दुसऱ्या मजल्यावर मोरपंखी साडी पसंत पडली. चिठ्ठीवर अडीच हजार. बाईंनी बाराशे फर्माविले. काउंटरवरची पोर गोड हसून म्हणाली, "मावशी, फिक्स रेट आहे." ऐसा उद्धट शब्द मुरबाडात कोणी उच्चारला नव्हता. मग बाईंनी साडी टाकिली आणि पाठ फिरविली.

सात पावले झाली. हाक नाही. आठवे पडले. बारावे पडले. मागून पोर "थँक्यू, परत या" म्हणाली, तशा सकुबाई हर्षून म्हणाल्या, "बोलावते गो!"

"नाय गो, ती हाक नाय. ती घालवून देते."

आणि इतक्यात सरकता जिना पायाखाली आला आणि एकही पाऊल न टाकता त्याने उभय सरदारांची तळमजल्यापर्यंत माघार घडविली.

आता प्रसंग कठीण. साडी वर, इभ्रत खाली, परतीची एसटी साडेपाचास. सकुबाईंनी मसलत दिली, "जा आन् घे मुकाट."

"हाकेबिगर? त्यापरीस लगीन मोडू दे!" बाई गरजल्या खऱ्या, पण नजर वरच्या मजल्यावरून हटेना.

मग सकुबाई मोरीला जाते म्हणून वर गेल्या आणि कठड्यावरून वाकून, सारा मॉल दचकावा ऐशा आवाजात ओरडल्या, "ओ हिरव्या लुगड्यावाल्या बाय! या मागं! तुमचंच खरं!"

हा आवाज बाईंनी उभा जन्म शेताच्या बांधापलीकडून ऐकला होता. तरी चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. "बोलावतात म्हंजे जायाला पायजे," ऐसे शेजारच्या पहारेकऱ्यास बजावून बाई वर गेल्या आणि पुरे अडीच हजार देऊन साडी घेतली. मग पोर म्हणाली, पिशवीचे दहा रुपये वेगळे. बाईंनी साडी काउंटरवरच सोडिली आणि चालू लागल्या. मागे गिऱ्हाइकांची रांग खोळंबली. तिसरे पाऊल पडते न पडते तो पोर कळवळली, "ओ मावशी, या, घ्या पिशवी फुकट!"

सबब नोंद करण्यात येते की, मॉल तिसऱ्या पावलास शरण आला, कागदी पिशवी एक लुटीत मिळाली आणि विहीणबाईंस मांडवात येण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

साडेपाचाची एसटी गाठली. मुरबाड मागे पडल्यावर बाईंनी सकुबाईंचा हात धरून वचन दिले, "पुढल्या साली तुझ्या पोरीचं, कुणालीचं लगीन. तुझी विहीण तुला कुठं बी पाठवू दे, मी येते संगती. आन् कोनी नाय हाकारलं, तर मी हाकारीन गो तुला."