बाबारावकाकांची चौकशी

दाढ काढून घेताना माणूस गप्प बसतो. आमच्या शेजारचे बाबारावकाका मात्र वासलेल्या तोंडानंच डॉक्टरांशी काहीतरी बोलू लागले. डॉक्टरांना वाटलं, दुखतंय. त्यांनी घाबरून हत्यार बाहेर काढलं. तसं काका म्हणाले, "मले काई होऊन नाई राह्यलं. म्या म्हटलं, दिवसभर लोकाइच्या तोंडात पाहून तुमाले कंटाळा येत नाई का हो?"

खामगावात काकांच्या तावडीतून सुटलेला धंदेवाईक शोधूनच काढावा लागेल. तेलघाणीवाला, बँकेचे साहेब, एसटीतला कंडक्टर, सगळ्यांना एकच विचारणा. "पगार सांगू नका. तो कोनीबी सांगते. सकाळी उठल्यावर कामाले जावंसं वाटते का, तेवढं सांगा." एका वरातीत तर त्यांनी क्लॅरनेटवाल्यालाच गाठलं. तो बिचारा मनापासून उत्तर देत राहिला आणि नवरदेव नुसत्या ढोलावर मांडवात पोचला.

स्वतः काकांची सगळी नोकरी कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात गेली. "बापानं बोट धरून आत नेलं, रिटायर झालो तवा बाहेर आलो. कोनाले विचारायचं राहूनच गेलं," असं ते हसत सांगतात. लग्नाबद्दल मात्र त्यांनी तरुणपणी लग्न झालेल्यांकडे कसून चौकशी केली म्हणे. ते अजून एकटेच आहेत.

माझी मुलगी गौरी बारावीला आली तेव्हा तिनं जाहीर केलं, गुरांची डॉक्टर होणार. मी तिच्यासाठी कॉम्प्युटर ठरवून ठेवला होता. घरात अबोला सुरू झाला. काका चहाला आले, दोघांची तोंडं पाहिली आणि म्हणाले, "काऊन भांडता गुरुजी? त्यातलं तुमाले ठाऊक नाई, तिलेबी नाई. ज्याले ठाऊक हाय त्याले विचारू ना."

रविवारी आम्ही तिघं एसटीनं जळगाव जामोदला गेलो. तिथं गुरांच्या डॉक्टर शाहीनबाई काकांच्या ओळखीतून भेटणार होत्या. काकांनी बसल्या बसल्या सुरुवात केली. "बाई, या कामात सगळ्यात वाईट काय हो?"

"लोक उशिरा बोलावतात," त्या म्हणाल्या. "मग जनावर हातातून जातं, अन् घरचे माझ्याकडे पाहत राहतात."

गौरीचा चेहरा उतरला. मला, खरं सांगायचं तर, जरा बरं वाटलं. तेवढ्यात फोन आला. जवळच्या मळ्यात गाय अडली होती. बाई म्हणाल्या, "चला, विचारण्यापेक्षा पाहूनच घ्या."

मळ्यात बाईंनी काकांना गाईची शेपटी धरायला सांगितली. काकांनी ती मोठ्या रुबाबात धरली. बाईंचा हात कोपरापर्यंत आत गेला तसे काका पांढरे पडले आणि शेपटी सोडून कडब्याच्या गंजीवर हळूच बसले. "मले जरा वारा घाला हो," एवढंच ते म्हणाले. गौरीनं पुढं होऊन शेपटी धरली. मग बाईंबरोबर वासराच्या पायांना बांधलेला दोर ओढला. बराच वेळ गेला. शेवटी वासरू बाहेर आलं, पण हललं नाही. कोणी सांगायच्या आधी गौरीनं आपल्या ओढणीनं त्याचं नाक पुसलं, आणि बाई दाखवतील तशी ती त्याची छाती चोळत राहिली. वासरू शिंकलं. माझा कॉम्प्युटर तिथंच संपला.

हात धुताना बाईंनी काकांना विचारलं, "पोरीचा हात चांगला आहे. नात का तुमची?"

काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग खाली पाहत हळूच म्हणाले, "हाव, नातच हाय."

परतीच्या गाडीत काका आणि मी कडेला, मधे गौरी. ती दमून झोपून गेली होती. नांदुरा मागे पडल्यावर काका पुटपुटले, "गुरुजी, बाईले मी खोटंच सांगून बसलो. राग नका मानू."

"खोटं काय सांगितलं तुम्ही?" मी म्हटलं.

गौरीची मान काकांच्या बाजूला कलली. त्यांनी खांदा थोडा खाली घेतला आणि खामगाव येईपर्यंत तो तसाच धरून ठेवला.