लोटन नानांच्या उरलेल्या गोळ्या

सोनगीरच्या लोटन नानांचं बीपी तपासणीत नॉर्मल आलं आणि त्याच दिवशी त्यांनी गोळी बंद केली. आजार गेला, मग औषध कशाला? डॉक्टरांना विचारायचा प्रश्नच नव्हता. जन्मभर गावाला सल्ले दिलेल्या निवृत्त ग्रामसेवकानं उलट दुसऱ्याला विचारायचं म्हणजे अपमानच. पत्नी भागाबाईंनी एकदा हटकलं. त्यावर नानांनी रक्तदाबावर असं व्याख्यान दिलं, की ऐकताना भागाबाईंचाच रक्तदाब वाढला असावा.

राहिल्या उरलेल्या गोळ्या. फेकणं नानांच्या जिवावर येत होतं. शेजारचे अभिमनभाऊही बीपीचे, शिवाय ऐकून घेणारे. नाना पाकिटं घेऊन त्यांच्या ओट्यावर गेले.

"मनं बीपी आते नॉर्मल शे. या गोया तू खाई टाक, भाऊ. भारी शेतस."

अभिमनभाऊंनी आपली गोळी सोडली नाही आणि नानांचा मानही मोडला नाही. दोन्ही घेऊ लागले. एका पहाटे म्हशीचं दूध काढून उठले आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊन शेणात बसले. ऊन लागलंय, असं नानांनी तत्काळ निदान केलं. सूर्य अजून उगवायचा होता. लिंबूपाणी पाजूनही मान वर होईना, तेव्हा भागाबाईंनी गाडी बोलावली. रोग्याबरोबर कुणी जाणकार हवा, म्हणून नाना धुळ्याला सोबत गेले.

डॉक्टर मृणालीताईंनी अभिमनभाऊंच्या खिशातली दोन्ही पाकिटं शेजारी-शेजारी ठेवली. "नावं वेगळी, औषध एकच. यांनी दुप्पट डोस घेतलाय. दुसरं पाकीट कुणाचं?"

नाना भिंतीवरचं हृदयाचं चित्र बारकाईनं पाहू लागले. शेवटी म्हणाले, आपलंच, पण आपलं बीपी नॉर्मल असतं.

"गोळीमुळे असतं," म्हणत डॉक्टरांनी नानांच्याच दंडाला पट्टा गुंडाळला. आकडा पाहून पुन्हा गुंडाळला. छातीत जड वाटतं का, असं विचारलं. वाटत होतं, पण ते नानांनी गॅसच्या खात्यात टाकलं होतं. नर्सनं घाईनं खाट तयार केली.

संध्याकाळी सलाईन संपवून अभिमनभाऊ उठून बसले. नाना आडवे होते. वेळेवर आलात म्हणून हृदय वाचलं, असं डॉक्टर सांगून गेल्या. गावाहून आलेल्या भागाबाईंनी भरीत-भाकरीचा डबा अभिमनभाऊंपुढे उघडला, कारण रोग्याच्या सोबतीला आता तेच होते. नानांना बिनमिठाची खिचडी मिळाली.

एक घास घेऊन नाना मिठाचे फायदे सांगू लागले. पलीकडच्या खाटेवरचे म्हातारबुवा कौतुकानं कोपरावर उठले आणि आपलं पाकीट चाचपत म्हणाले, "नाना, मनी ही गोयी जरा देखा ना."

भागाबाईंनी मधला पडदा ओढून घेतला.