बुधीचे तूप

जगातील कोणताही स्निग्ध पदार्थ आपण कोण आहोत हे स्वतःच्या तोंडाने सांगू शकत नाही. ते सांगण्यासाठी कचेरी लागते. कचेरी नव्हती तेव्हा हे काम व्रते करीत. शनिवारी मारुतीला तिळाचे तेल, रामापुढे गाईचे तूप, भाजीला जवसाचे तेल आणि टाचांच्या भेगांना मोहाच्या टोळीचे, म्हणजे बियांचे. एवढ्या ज्ञानावर गोंदियाजवळच्या दवनीवाड्याने कैक पिढ्या काढल्या, आणि त्या जिवंत कशा राहिल्या याचा उलगडा अजून झालेला नाही.

विलायतेत दुसरे महायुद्ध लागले त्या साली गोंदियाच्या पेठेत तूपपरीक्षा कचेरी उघडली. तेथे तूप उकळून त्यातून निघणारी आंबट वाफ मोजीत. माप चोवीस भरले की तूप पास, डब्यावर लाल शिक्का. कमी भरले की भेसळ. पहिल्या तीन महिन्यांत एकोणचाळीस नमुने आले. व्यापाऱ्यांचे झाडून सारे पास झाले, घरच्या गाईंचे झाडून सारे नापास. व्यापारीवर्ग किती सचोटीचा आणि गायी किती बेभरवशाच्या, हे त्यावरून प्रथमच उजेडात आले.

शेजारच्या कुडवा गावच्या देवळाने ठराव केला की बिनशिक्क्याचे तूप देवापुढे जाळू नये. कुडव्याच्या मागे राहणे दवनीवाड्याला परवडणारे नव्हते. आठ दिवसांत गावप्रमुख टिकाराम पटलांनी राममंदिराच्या पंचांकडून तोच ठराव करून घेतला. (नकलताना ‘कुडवा’ हा शब्द खोडायचा राहून गेला, पण ठरावाच्या शुद्धतेला त्याने बाध आला नाही.)

यात गावातल्या जमुनाबाईंचा जीव टांगणीला लागला. तीन लेकरे पाळण्यातच गेल्यावर धनवंता झाली, तेव्हा त्यांनी नवस बोललेला होता: पोरगी जगली तर बारा चातुर्मास रामापुढे दिवा लावीन, माझ्या गाईच्या, माझ्या हाताने घुसळलेल्या तुपाचा. पोरगी बारा वर्षांची झाली होती. अकरा चातुर्मास पार पडले होते. बाराव्याचे पंधरा दिवस उरले होते.

दुसऱ्याचे तूप घातले तर नवस मोडतो; आपले घातले तर ठराव मोडतो. जमुनाबाईंनी बाटलीभर तूप पदराखाली धरले आणि कचेरी गाठली. निकाल येईपर्यंत दिवा ‘विचाराधीन’ म्हणून जळू द्यावा, असे पंचांनी ठरवले. (देव कोणत्या सदरात होता, याची नोंद नाही.)

पाचव्या दिवशी श्यामलाल कारकुनाने कागद पुढे केला. माप एकवीस.

“बाई, यात भेसळ आहे.”

“मी नाही केली जी.”

“मग कोणी केली?”

“घरी मी अन् बुधी, दोघीच कामाच्या.”

“बुधी कोण?”

“गाय जी. बुधवारची जन्मली.”

श्यामलालने लिहून घेतले. भेसळ करणारीचे नाव: बुधी. धंदा: गाय.

“खाते काय ती?”

“धानाचं तणस. अन् तेल काढलेल्या जवसाची ढेप.”

“इथंच चुकलं. गाय जे खाते ते तुपात उतरते. तुमच्या तुपात जवस उतरला.”

“मंग तुमच्या कागदातल्या गायी काय खातेत जी?”

“त्या कोष्टकातल्या गायी आहेत, बाई. त्या खात नाहीत.”

जमुनाबाईंनी त्या न खाणाऱ्या गाईंना मनातल्या मनात हात जोडले. असे कडक व्रत त्यांच्याच्यानेही झाले नसते.

जाता जाता त्या पेठेतल्या चुन्नीलाल तूपवाल्याच्या दुकानात टेकल्या. तूप पास कसे होते, हे पास होणाऱ्यालाच विचारावे. चुन्नीलालने काहीच लपवले नाही; शिक्का असलेल्या माणसाला लपवायची गरज नसते.

“देखो काकीजी, म्हशीचं तूप तीसच्या वर जाते. सरकार मागते चोवीस. वरचे सहा फुकट कायले द्यायचे? तेवढ्या जागेत आपण वनस्पती तूप भरतो. बराबर चोवीस! न कम, न ज्यादा.”

“अन् माझ्यात तर कायीच नाही भरलं रे.”

“म्हणून तर नापास! काही भराल तेव्हा ना पास व्हाल!”

जमुनाबाईंनी एक डबा घेतला. देवळाच्या पायरीवर टिकाराम पटलांनी तो पाहिला आणि त्यांचा चेहरा फुलला.

“आता कसं! अवं काकी, देवाले का फरक पडून राहिला? शिक्का असला म्हणजे झालं.”

घरी आल्यावर जमुनाबाईंनी डब्यातले तूप पितळेच्या गंजात काढले. डबा राखेने घासला, ऊन पाण्याने तीनदा धुतला, शिक्का मात्र ओला होऊ दिला नाही. मग त्यात बुधीचे तूप ओतले.

त्या संध्याकाळी दिवा नेहमीसारखाच जळला. पटील म्हणाले, “उजेडात फरक दिसते ना! शिक्क्याचंच हाय ना काकी?”

“डबा शिक्क्याचाच आहे जी,” जमुनाबाई हळूच म्हणाल्या आणि या अर्ध्या वाक्याचे प्रायश्चित्त म्हणून त्यांनी एक जास्तीचा उपवास धरला.

कार्तिकी पौर्णिमेला उद्यापन झाले. धनवंता दिव्यापाशी बसली होती, धडधाकट. गंजातले तूप फेकणे हा अन्नाचा अपमान झाला असता, आणि ते तर सरकारने शुद्ध म्हटलेले. त्याचा शिरा झाला. गाव जेवले. पटलांनी तीनदा मागून घेतला. “घरच्या तुपाले हा वास येतच नाही!” मायलेकींना उपास होता.

वाचकांनी मन घाबरे करू नये. खाणारा जे खातो तेच त्याच्या स्निग्धात उतरते, हे कचेरीला मान्य आहे (गाईच्या बाबतीत तर लेखी मान्य आहे). त्या पंगतीत तुमचे आजोबा होते, आमचेही होते. आणि अशा पंगती पुढे गावोगाव उठल्या. तेव्हा आपल्या अंगावर आज जे काही चढलेले आहे ते पिढीजात शिक्क्याचे आहे. कोणी उकळून पाहिलेच, तर आपण बरोबर चोवीस भरू. भेसळ होती तेवढी रामापुढे जळून गेली.