नियमावलीच्या कव्हरात

सोळा वर्षांच्या पोरांसाठी लिहिलेलं पुस्तक विचारी माणसाने हातात धरू नये, हे माझं आयुष्यभराचं तत्त्व. ते मंगळवारी सकाळी सव्वादहापर्यंत टिकलं.

"बाबा, सगळ्या जगाने वाचलंय. तू न वाचताच नावं ठेवतोस!" म्हणत लेकीने तसलंच एक पुस्तक माझ्या पिशवीत कोंबलं होतं.

पंचाईत अशी, की ऑफिसात चहाच्या वेळी मी तीन वर्षं याच पुस्तकाला झोडपत आलोय. तेव्हा सेवा नियमावलीचं कव्हर काढून मी ते त्याला चढवलं. नियमावली वाचणाऱ्याकडे आमच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही.

आणि काय सांगू! जुलमी राज्य, आभाळाएवढी भिंत, भिंतीपलीकडे अडकलेला नायिकेचा सात वर्षांचा भाऊ! दोनशे बाराव्या पानावर ती दाराशी पोचते, कडी काढते, आणि...

"साहेबांनी नियमावली मागितलीय," म्हणत शिपायाने पुस्तक हातातून काढून नेलं!

मी धावत मीटिंगच्या खोलीत पोचलो. शनिवारच्या हजेरीचा नियम शोधत साहेबांनी मधलंच पान उघडलं होतं. ते खणखणीत आवाजात वाचू लागले, "'ज्यांची पन्नाशी उलटली आहे, त्यांनी काम थांबवून भिंतीकडे तोंड करून उभं राहावं. पुढील आदेशाची वाट पाहावी.'"

मला वाटलं, आता हशा पिकणार. छे!

आवक-जावकच्या बाईंनी हात वर केला. "साहेब, जन्मतारीख दाखल्यावरची धरायची की खरी?"

"दाखल्यावरची."

"नियम जुनाच आहे," हेडक्लार्क म्हणाले. "मध्यंतरी कोणी पाळत नव्हतं."

"पण कुठली भिंत? इकडे कपाटं आहेत!"

सोळा पदवीधर माणसं! एकाने तरी विचारावं ना, का म्हणून! नऊ जण मुकाट उठले आणि भिंतीला नाक लावून उभे राहिले. मी बावन्न वर्षांचा. खरं सांगावं तर तीन वर्षांची इभ्रत जाते. मीही उभा राहिलो. समोर रंगाचे पोपडे, डोक्यात एकच भुंगा : तो पोरगा वाचला का?

"बाकीचे नियमही बघायला हवेत," म्हणत साहेब पुस्तकासकट केबिनमध्ये गेले. दोन दिवस दार बंद, आम्ही भिंतीशी! ऑफिस सुटल्यावर पुस्तकांच्या दुकानात गेलो, तर सगळ्या प्रती संपलेल्या. लेकीला विचारलं, तर म्हणाली, "स्वतः वाच!"

तिसऱ्या दिवशी मात्र राहवेना. इभ्रत गेली खड्ड्यात! भिंत सोडून मी तडक केबिनमध्ये शिरलो.

"साहेब, ती नियमावली नाही, कादंबरी आहे! माझी आहे! आणि मला ती आत्ताच्या आत्ता हवीय!"

साहेबांनी मान वर केली. डोळे लाल.

"तुम्ही कुठवर आला होतात?"

"दोनशे बारा. ती दार उघडते."

"भाऊ मरतो," साहेब म्हणाले. "दोनशे तेरावर."

पुस्तक चारशे दहा पानांचं आहे, आणि माझं निम्मं अजून वाचायचंय!