घुमटावरची इटालियन

आमच्या पेडण्यात घुमट चवथीला आढ्यावरून खाली येतं आणि गणपती गेले की परत वर जातं. शेजारच्या आबा परबांचं मात्र भर वैशाखात वाजायला लागलं. मी चौकशीला गेलो, तर आबा ते कातडं ताणलेलं मडकं मांडीवर घेऊन इटालियन क्रियापदं पाठ करत होते.

मुलगी शैला लग्न करून इटलीला गेली, तिनेच पुस्तक धाडलेलं. "शब्द तोडूचो, जोर थय थाप," आबा म्हणाले. "सोपा आसा."

सोपं कसलं डोंबल. 'मी वाजवतो' म्हणजे 'सुओ-नो', थाप पहिल्यावर. 'ते वाजवतात' म्हणजे 'सुओ-ना-नो', तुकडे तीन झाले तरी थाप पहिल्यावरच. 'आम्ही वाजवतो' म्हणजे 'सुओ-न्या-मो', तुकडे तीनच, पण थाप उडी मारून मधल्यावर. वीस वर्षं मी शाळेत व्याकरण शिकवतोय, माझं डोकं गरगरलं. "असं का?" मी विचारलं.

"इटलीक इचार."

त्या 'आम्ही'पाशी ते स्वतःही रोज अडखळत. आरत्यांत जन्म गेलेला, सम पहिल्या मात्रेवर धरायची हाताला सवय. तोंड मधल्यावर जोर देई, हात पहिल्यावर पडे. "हात ऐकणा नाय," म्हणत पुन्हा सुरू.

"मग सोडा की ते 'आम्ही'," एका संध्याकाळी मी वैतागून म्हणालो. "'मी वाजवतो' येतं ना?"

आबांनी घुमट खाली ठेवलं. "तुझी काकी गेली त्येका वर्स झाला. मागच्या म्हयन्यात फोनार नातीन कायतरी विचारल्यान. माका एकच शब्द येय, 'सी', म्हणजे होय. हसान म्हटलंय, सी, सी. मागीर शैलान सांगल्यान, पोर इचारी होता, आजो, तू घरात एकटोच आसतंस?"

मी लवंडणारं घुमट हाताने सावरलं.

"ता ऐकान पोर रडला. चवथीक येतली ती. तेका सांगूचा आसा, आमी वाजयतो."

"आम्ही म्हणजे कोण कोण?" मी विचारून बसलो, आणि जीभ चावली. आबा पुस्तकाची पानं उलटत राहिले.

आढ्याला घुमटाच्या जोडीचं शामेळ, काठ्यांनी वाजवायचं छोटं मडकं, टांगलेलं होतं. मी स्टुलावर चढून ते काढलं, काठ्या शोधल्या आणि समोर बसलो. आबांनी घुमट उचलून 'सुओ-न्या-मो' सुरू केलं. मला शामेळ वाजवता येत नाही, म्हणून मी एक मात्रा उशिरा आलो. आबा माझ्यासाठी थांबले, आणि त्यांची थाप पहिल्यांदाच मधल्यावर पडली.