तितराला आधी सूचना

आमचे शेजारी बुराडे तितरावर बंदूक झाडण्याआधी तीनदा शिटी वाजवत. मग हात वर करून "हटो, हटो" असं ओरडत आणि त्यानंतर नेम धरत. तोवर तितर पुढच्या तालुक्यात पोचलेला असे.

यात त्यांना काही चमत्कारिक वाटत नसे. नंदिनी नगरच्या चुनखडीच्या खाणीत ते सुरुंग उडवण्याच्या कामावर होते. तिथे शिटी वाजवून माणसं हटवल्याशिवाय बत्ती देत नाहीत, आणि बुराड्यांच्या लेखी बार म्हणजे बार, मग तो डोंगराला असो की पाखराला. "आधी शिटी, मंग बार," हे वाक्य ते दिवाळीत लवंगी फटाका लावतानासुद्धा म्हणत.

दर हिवाळ्यात शिकारीचा परवाना काढून (तेव्हा तो मिळत असे) ते बायको, दोन मुली आणि मी, एवढी मंडळी जुन्या जीपमध्ये कोंबून चिल्फीच्या घाटाकडे निघत. मी सडाफटिंग, त्यामुळे मला नाही म्हणायची सोय नव्हती. निसर्गही ते शिस्तीत दाखवत. वळण आलं की जीप थांबे, चाकाखाली दगड लागे आणि हुकूम सुटे, "उतरा. पाहा. चढा." खाली सरईचं, म्हणजे सालवृक्षांचं, रान नजर पोचेल तिथवर पसरलेलं असे, ते जरा डोळ्यांत भरतंय तोच हॉर्न वाजे.

बंदूक सासऱ्यांनी दिलेली. हे सासरे, तुमसरचे मामाजी, म्हणजे जुने मालगुजार, गावचे जमीनदार, मिशीला पीळ आणि बोलण्यालाही. इतक्या वर्षांत जावयाने एक पीससुद्धा घरी आणलं नाही, हे त्यांना फार लागलं होतं. त्या हिवाळ्यात ते स्वतःच जीपमध्ये येऊन बसले.

"जवाईबापू," ते म्हणाले, "यंदा तितर नाही पडला तं बंदूक मी घेऊन जातो. लहान जवाई कवाचा मागून राह्यला."

लहान जावई नागपुरात वकील. त्याच्यासमोर बुराडे कायम अंग चोरून बसत. पण ही बंदूक त्याच्याकडे नव्हती, बुराड्यांकडे होती. संध्याकाळी खाणीतून धुळीने पांढरे होऊन येत, हातपाय धुऊन ओसरीत बंदूक पुसायला बसत, तेव्हा तेवढ्यापुरते तेच मालगुजार असत. ती गेली असती तर माणूस खचला असता.

घाट चढून गेल्यावर कोदोच्या शेताकडेला उंच गवतात तितर बोलला. सगळे जागच्या जागी थांबलो.

"शिटी खिशातच राहू द्या," मामाजी कुजबुजले.

"आज एक दिवस, अहो," वहिनीही म्हणाल्या.

बुराड्यांनी बंदूक खांद्याला लावली. नेम धरला. बराच वेळ धरला. मी मनात म्हटलं, सुटला एकदाचा बिचारा शिटीतून. आणि त्यांनी बंदूक खाली केली, शिटी काढली आणि तीनदा वाजवली.

तितर भुर्रकन उडाले. एक नाही, चांगले पाचसहा. मामाजींनी कपाळाला हात लावला आणि मग तोच हात पुढे केला. "आना ते बंदूक इकडे."

एवढ्यात समोरचं गवत हललं. नेमाच्या अगदी रेषेत एक म्हातारी विळा घेऊन उभी राहिली. वाकून गवत कापत होती, म्हणून आम्हाला कुणालाच दिसली नव्हती.

"का होगे बाबू?" काय झालं, म्हणून तिने तिकडच्या बोलीत विचारलं.

मामाजींचा पुढे केलेला हात तसाच राहिला होता, तो हळूहळू जावयाच्या खांद्यावर गेला. "बंदूक तुमचीच, जवाईबापू," ते म्हणाले. "वकिलाले मी सांगतो, तुह्यं काम नाही म्हनून."

परतीचा प्रवास म्हणजे वरात होती. मुलींनी शिटी वाजवून घाट डोक्यावर घेतला. मामाजी दिसेल त्याला किस्सा सांगत होते, आणि कवर्ध्यापर्यंत त्यात एका म्हातारीच्या तीन झाल्या होत्या. तिथे त्यांनी जिलबी मागवली.

बुराडे मात्र जीपला टेकून उभे. जिलबीला हात नाही. मी जवळ गेलो.

"खा ना, आज तुमचा दिवस आहे."

"भाऊ," ते हळूच म्हणाले, "शिटी वाजवाचीच नाही, असं ठरवलं होतं मी. बोट चापावर होतं. बंदूक जाईन म्हनून लय भेव वाटलं. मामाजीले सांगू का?"

"नका सांगू," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली आणि सरळ जाऊन सांगितलं. मामाजींचा किस्सा अर्ध्यावर थांबला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि आपल्या पुड्यातली जिलबी उचलून स्वतःच्या हाताने जावयाच्या तोंडात घातली.